एकशे चाळीस अंश

नाही, सही मी करणार नाही — शिक्षण खात्याचा हा कागद कितीही पुढं सरकवा, साहेब. ‘नकाशावाचन यापुढे फक्त वर्गात’ — असंच लिहिलंय ना? वर्गात काय शोधायचं पोरांनी, फळा कुठं आणि खिडकी कुठं? बसा, चहा घ्या, डोंगरातल्याच पाल्याचा आहे. एकतीस वर्षं शिकवतेय मी रोदोपी डोंगरातल्या या गावात, आणि पालकाची पहिली तक्रार आत्ता आली, मेतोदीची. सहल चार तास उशिरा परतली म्हणे. परतली. नाही कोण म्हणतंय?

अकरा पोरं घेऊन माथ्यावरच्या छोट्या चर्चपाशी गेले होते. नकाशावर चार सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर एक किलोमीटर — हे चौथीच्या पोरांना पाठ आहे, पण पायांना पाठ नसतं, म्हणून चालवायचं. तिथून मेंढवाडा सहा सेंटिमीटर, म्हणजे दीड किलोमीटर — पोरांची चोवीसशे पावलं — आणि दिशा उत्तरेपासून मोजून एकशे चाळीस अंश, आग्नेयेकडं. होकायंत्र प्रत्येकाच्या गळ्यात. पोरांनी डब्यातली चीज भरलेली बनित्सा खाल्ली, निघालो, आणि धुकं आलं. पुढच्याची टोपी दिसेना. सगळ्यांना एका दोरीला धरायला लावलं, मी पुढं. थोडं गेलो तर मागून झ्द्राव्का — मेतोदीचीच मुलगी, हो, त्याचीच — म्हणते, “बाई, आपण एकशे ऐंशीवर चाललोय, सरळ दक्षिणेला.” मी म्हटलं, “गप चाल, ही वाट माझ्या पायाखालची आहे.” तर ती थांबलीच. दोरी ताणली गेली. “मी नाही येत, बाई. मनाचं ऐकायचं नाही, काट्याचं ऐकायचं, तुम्हीच शिकवलंय.” दहा वर्षांची पोर. मला राग आला, खरं सांगते — मी तावातावानं आणखी एक पाऊल टाकलं, बुटाखालचा दगड निसटला, आणि तो खाली आपटल्याचा आवाज कितीतरी वेळानं आला. घळ होती, साहेब. अकरा पोरं माझ्या मागं.

मग झ्द्राव्का पुढं आणि मी शेवटी. तिनं आधी सरळ उत्तर दिशा धरली, आलो तेवढी पावलं मोजत चर्चपाशी परत नेलं, आणि तिथून नव्यानं एकशे चाळीस. धुक्यात दर थोड्या पावलांना थांबून काटा बघायचा, पोरं मोजायची — चार तास त्यात गेले. तेवीसशे साठाव्या पावलाला मेंढवाड्याची कुत्री भुंकली. मी खाली बसून रडले — पोरांना वाटलं, पाय दुखतायत.

काटा मी का नाही पाहिला? पाहिला हो. काटा दिसतो मला, आकडे — गेल्या हिवाळ्यापासून आकडे जरा — ते लिहू नका. मेतोदीलाही ठाऊक नाही, पोरीनं घरी फक्त उशीर झाला एवढंच सांगितलं. मी सांगितलं नव्हतं तिला लपवायला. तिचं तिनंच… काय बघताय? बरं, लिहा. लिहाच. मला घरी बसवा, चांगल्या डोळ्यांची बाई आणा, मी स्वतः तिला तो माथा दाखवीन. पण होकायंत्रं कपाटात कुलूपबंद करायला मी मान हलवणार नाही. त्या दिवशी चुकले मी. तो नकाशावाचनाचा तास नव्हता चुकला, त्या तासानंच पोरं घरी आली — माझ्यासकट.

चहा गार झाला तुमचा. राहू दे. अंगणात वर्ग उभा आहे माझा, दहा वाजले. व्हा बाजूला, साहेब, मला जाऊ द्या.