चौदापैकी शून्य

शिंपीण : ते सगळं नंतर, बाई. आधी एवढंच सांगा, पसरलंय की नाही?

बाई : अगं, दारातच विचारतेस? बसायला तरी दे.

शिंपीण : चिमे, खुर्चीवरचे कपडे उचल. माझ्या शाळेतल्या बाई आल्यात.

चिमी : आई, तुला गणितात भोपळा दिला होता, त्या?

शिंपीण : गप गं!

बाई : त्याच मी. ऑपरेशनचा रिपोर्ट आलाय. घे, तूच वाच. खालून तिसरी ओळ.

शिंपीण : काखेतल्या ग्रंथी... चौदापैकी शून्य.

(ती मटकन स्टुलावर बसते.)

चिमी : आई, रडतेस काय?

शिंपीण : चौदातली एकही धड नाही. माझ्यामुळे झालं हो हे, बाई!

बाई : थांब, थांब. तोच आकडा वाचून मीही दवाखान्याच्या व्हरांड्यात रडले. छत्तीस वर्षं पेपर तपासले, शून्य म्हणजे नापास एवढंच डोक्यात. डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, "आमच्याकडे शून्यवाल्याचा पहिला नंबर."

चिमी : असं कसं?

बाई : ये, जवळ बस. छातीतल्या कॅन्सरच्या गाठीला बाहेर पसरायचं असलं, की तिचा पहिला मुक्काम बहुतेक वेळा काखेत. तिथे दाण्याएवढ्या ग्रंथी असतात, नाक्यावरच्या पहारेकऱ्यांसारख्या. माझ्या चौदा काढून भिंगाखाली पाहिल्या. त्यातल्या किती जणींत कॅन्सर सापडला?

चिमी : शून्य! म्हणजे तो बाहेर पडलाच नाही?

बाई : पडल्याची खूण नाही. पुढे येणारच नाही, असं कुणी लिहून देत नाही. पण खूण नाही.

शिंपीण : देवा! मग असं नीट लिहायला काय होतं यांना?

चिमी : सगळ्यांचा सारखाच पसरतो का?

बाई : छान विचारलंस. नाही. गाठ केवढी, ते एक. टेप आण. अठरा मिलिमीटर दाखव.

चिमी : एवढीच? कोटाच्या बटणाएवढी!

बाई : हो. मग तिचा स्वभाव. काही गाठी भराभर वाढतात, काही सावकाश. माझी मधली. शिवाय तिला माझ्याच शरीरातलं हार्मोन खायला लागतं. गाठ काढली, पण एखादी पेशी मागे राहिली असेल तर तिला ते मिळू नये म्हणून पाच वर्षं रोज एक गोळी.

चिमी : उपाशी ठेवायचं तिला!

बाई : बरोबर. आणि शेवटचं म्हणजे, ती कधी सापडते.

शिंपीण : तेच तर, बाई. तुमच्या ब्लाउजच्या पहिल्या फिटिंगलाच मला दिसलं होतं. डाव्या बाजूला चुणी पडत होती. मला वाटलं, माझाच टाका ओढला गेला. उसवला, परत घातला. तरी तेच. मग लक्षात आलं, चुणी कापडाला नाही, अंगाला आहे. आणि तरी पंधरा दिवस जीभ उचलली नाही. बाईंच्या अंगाबद्दल बोलायचं कसं?

बाई : डॉक्टरीणबाईंना मी विचारलं ते.

शिंपीण : माझं नाव घेऊन?

बाई : "माझी शिंपीण" म्हणून. त्या म्हणाल्या, पंधरा दिवसांनी काही बिघडलं नाही. वर्ष गेलं असतं, तर हे शून्य राहिलं असतं की नाही, सांगता आलं नसतं. आणि खरं सांगू? तुझ्याआधी तीन महिने मी आरशात तेच बघत होते. वयाची सुरकुती म्हणून सोडून दिलं.

शिंपीण : तुम्ही? एवढ्या शिकलेल्या?

बाई : शिकलेल्यांना कारणं चांगली सापडतात. तू बोलली नसतीस, तर अजून सोडतच बसले असते. तेवढं सांगायलाच आले, बाळ. तुझ्यामुळे मी आहे.

शिंपीण : असं नका बोलू हो. मला रडू आवरत नाही. त्यापेक्षा उठा, नव्याने माप घेते. आता डावीकडे वेगळं बेतावं लागेल.

बाई : घे की. पण डावा हात अजून खांद्यापर्यंतच जातो.

शिंपीण : जाऊ दे जेवढा जातो तेवढा. सावकाश, बाई. मी थांबते.