पुढच्या गाडीचा काटा

आमचं गाव विट्याकडचं. तिकडच्या माणसांचा धंदा गलाईचा, म्हणजे सराफाकडचं जुनं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं, त्यासाठी आमची माणसं कुठं कुठं पांगलेली. मी जयपुरात आलो तेव्हा मला धड हिंदी येत नव्हती, काय सांगू तुम्हाला, पण वर्षाच्या आत सराफ म्हणायला लागले, अण्णाजी, आप से भाव करना मतलब आफत. मग धाकट्या भावाला, बापूला आणलं. भट्टी शिकवली, तेजाब शिकवलं. तेजाबात तांबं विरघळतं, पितळ विरघळतं, सोनं तेवढं राहतं, हे त्याच्याकडनं पाठ करून घेतलं.

गावच्या जत्रेला आम्ही सगळे गलाईवाले गाड्यांची रांग करून निघायचो. रीत अशी की वयानं मोठा त्याची गाडी पुढं, तो धरेल तो वेग मागच्यांनी धरायचा. माझी बायको होती तोवर शेजारी बसून वेगाच्या काट्याकडं बघायची आणि म्हणायची, साठच्या वर नको, मागं पोरंबाळं आहेत. ती गेली. मूलबाळ नाही. पुढची जागा तेवढी माझ्याकडं राहिली होती.

तर एका खेपेला अजमेरच्या पुढं एका ढाब्यावर थांबलो, मी पेरूवाल्याशी भाव करत होतो, तो नासके पेरू वर चांगले लावून देत होता, मी सोडतो का, आणि वळून बघतो तर रांग निघून गेलेली. पुढं बापूची गाडी. नंतर म्हणाला, अण्णा, तुम्ही अर्धा तास भांडत होता, बायका उन्हात बसल्या होत्या. असतील बसल्या. पण मोठ्या भावाला टाकून जायचं? तेव्हापासनं आमचं बोलणं बंद. गल्ली एक, दुकानं समोरासमोर, बोलणं बंद.

पुढच्या वर्षी जत्रा जवळ आली आणि माझ्या गाडीचा वेगाचा काटाच पडला. गाडी पळते आणि काटा शून्यावर. जयपुरातल्या सोडाला भागातला मिस्त्री म्हणाला, पूरा मीटर बदलना पडेगा साहब. मी म्हटलं भैया, मला शिकवू नकोस, आणि तिथनं निघालो. दुसऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, मीटर ठीक असेल, गिअरबॉक्सवर बोटाएवढा सेन्सर असतो, तो बघा. म्हटलं, घरीच बघतो. काट्याशिवाय पुढं कसं राहायचं?

अंगणात गाडी गार होऊ दिली, एक बोल्ट काढला, सेन्सर ओढून बाहेर घेतला. वायरच्या टोकाला पिना, त्यावर हिरवा मळ, मळाखाली पिवळं चमकत होतं. मला वाटलं, सोन्याचं पाणी दिलेलं असणार. आणली तेजाबाची बाटली आणि बुडवल्या. लाल धूर निघाला तेव्हा समजलं, पितळ होतं. मळ गेला, पिनाही गेल्या. इतकी वर्षं या हातांनी सोनं ओळखलं आणि कसोटीवर एकदा घासूनसुद्धा बघितलं नाही. बापू असता तर पोट धरून हसला असता. मी त्याला शिव्या दिल्या असत्या. अंगणात कुणीच नव्हतं, मग मी शिव्या कुणाला देणार.

दुकानदाराशी तीनदा उठून जायचं नाटक करून नवा सेन्सर आणि वायरचं टोक आणलं. वायर जोडली, सेन्सरच्या रबरी कड्याला तेल लावून आत बसवला, बोल्ट आवळला. गाडी रस्त्यावर काढली आणि काटा उठला, वीस, तीस, चाळीस. मी शेजारी बघून म्हटलं, बघ. शेजारी सीट रिकामी.

त्याच संध्याकाळी बापूची बायको दारात आली. म्हणाली, अण्णा, यंदा सगळ्यांनी मिळून बस केलीय, गाड्या नाहीत न्यायच्या. खिडकीची जागा तुमच्यासाठी धरलीय, यांनीच धरली.

मी म्हटलं, मी माझ्या गाडीनं येईन.

ती म्हणाली, काटा बंद आहे म्हणे. मी म्हटलं, चालू झाला.

पहाटे एकटा निघालो. साठ धरले. उजाडल्यावर बस मागनं आली, पोरांनी हात हलवले, पुढं निघून गेली. अजमेर ओलांडलं आणि तोच ढाबा आला, बस उभी होती, आणि रस्त्याच्या कडेला बापू, दोन हातांत दोन चहाचे ग्लास. लांबनं ओळखला मी त्याला. पाय ब्रेकवर ठेवलेला होता, खोटं का बोलू. थांबलो असतो तर चहा घ्यावा लागला असता. आरशात बघितलं तेव्हा तो तसाच उभा होता, ग्लास धरून.

ते साल गेलं, पुढचंही गेलं. बस दर जत्रेला निघते. खिडकीची जागा अजून धरतात म्हणे, त्यावर पिशव्या ठेवतात. सुखरूप जाऊ देत, सुखरूप येऊ देत. मी माझ्या गाडीनं जातो, पुढंही मीच आणि मागंही मीच. काटा अजून अचूक चालतो, मागं कुणी नसलं तरी साठच्या वर नेत नाही.