शैलाताईंनी मांडलेला पसारा

काका, ताईंचे नातेवाईक, अध्यक्षसाहेब, आणि एवढ्या लांब, गावाबाहेरच्या या केंद्रात आलेले तुम्ही सगळे. मागे उभे आहात ते पुढे या, जागा आहे. मला बोलायला जड जातंय. शब्द सुचत नाहीत म्हणून नाही. सुरू झालो तर सभेत शोभणार नाही असं काहीतरी बोलेन, ही भीती आहे. म्हणून काकांना आधीच विचारलं, "बोलू ना?" काका म्हणाले, "बोला डॉक्टर. ती असती तर तुमच्या आधी बोलली असती."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. काका म्हणजे शैलाताईंचे यजमान. मी इथला पशुवैद्य. शैलाताई कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर इथे यायला लागल्या, आणि गेल्या आठवड्यात हृदयविकाराने गेल्या, त्याच्या आदल्या दिवसापर्यंत येत होत्या. इथे मदाऱ्यांकडून, बंगल्यांमधून, कुठून कुठून सोडवलेली माकडं आहेत. सोडवलेली म्हणजे तिथल्या साखळीतून सुटली आणि इथल्या पिंजऱ्यात आली. जंगलात ती आता जगू शकत नाहीत. म्हणजे उरलेलं आयुष्य आपल्याकडेच. ते कसं जायचं, एवढंच ताई विचारायच्या. आणि नेमकं तेच आपल्याला कोणी विचारलेलं आवडायचं नाही.

आमच्याकडे चिंगी नावाची माकडीण आहे. कोथरूडच्या एका बंगल्यात लहानाची मोठी झाली. फ्रॉक घालून, सोफ्यावर बसून. वयात आल्यावर चावायला लागली, मग साखळी, मग आम्ही. आली तेव्हा दोन्ही हातांवर केस नव्हते. स्वतःचे स्वतःच उपटायची. नाहीतर कोपऱ्यात बसून झुलायची. पुढे मागे, पुढे मागे. बघायला आलेले लोक म्हणायचे, "किती छान नाचते हो." मी त्वचेच्या सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. ताई पिंजऱ्यासमोर स्टूल टाकून बसल्या. रोज येऊन बसायच्या. मग एकदा म्हणाल्या, "डॉक्टर, हिला रोग नाही. हिला दिवसभर करायला काही नाही आणि जवळ कोणी नाही. तुम्हाला असं ठेवलं तर तुम्ही काय उपटाल?"

मग ताई मंडईत जाऊन फ्लॉवरचा पाला आणि कणसांची सालं मागायला लागल्या. भाजी नको, पाला द्या म्हणणारी बाई. गाळ्यांवरच्या बायका आधी हसल्या, मग बाजूला काढून ठेवायला लागल्या. ताईंनी पिंजऱ्यात कडबा पसरला, त्यात चणे उधळले. बांबूच्या नळ्यांना भोकं पाडून शेंगदाणे भरले. काकांना बरोबर आणून जाड दोर बांधले, गाठी काकांच्या, फांद्या अडकवल्या. ताटलीतलं जे खाणं चिंगी बघता बघता संपवायची, तेच शोधून खायला आता सकाळ जायला लागली. शेजारी एक म्हातारी माकडीण होती, मदाऱ्याकडची. मधे जाळी ठेवून ताईंनी दोघींची ओळख होऊ दिली. अजिबात घाई केली नाही. मग जाळी काढली. म्हातारी आली आणि चिंगीचा हात धरून केस विंचरायला बसली. होते कुठे केस? पण ती बसली.

दिवाळीच्या सुमाराला चिंगीच्या हातांवर लव आली. ताईंचा मला फोन. "कामात असाल तर काम टाकून या." मी आलो तर ताई पिंजऱ्यासमोर उभ्या राहून रडत होत्या. मी त्यांना रडताना तेवढंच पाहिलं.

आणि आपल्याला काय दिसलं? आपल्याला पसारा दिसला.

शनिवारी मारुतीचं दर्शन झालं की लोक इकडे येतात, केळी घेऊन. वाढदिवसालाही येतात. माकडानं हातातून केळं घ्यायचं, फोटो निघायचा, की पुण्य पदरात. ताई केळ्यांची पिशवी काढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "हे आपण आत लपवून ठेवू, ती शोधून खाईल." एक गृहस्थ चिडले. "अहो बाई, मग मी दिलंय हे तिला कळणार कसं?" ताई म्हणाल्या, "नाही कळणार. तुम्हाला कळलं ना?" ते गृहस्थ परत आले नाहीत. आपल्या बैठकीत त्याबद्दल ताईंना जाब विचारला गेला. अध्यक्षसाहेब, आपणच म्हणालात, "लोक माकड बघायला येतात, पाला बघायला नाही." ताई म्हणाल्या, "माकड कोणाला बघायला आलंय, तेही एकदा विचारा." सगळे हसले. पुणेरी बाई, पुणेरी उत्तर. हसून झाल्यावर आपण पुढचा विषय घेतला. ताईंच्या बोलण्यावर आपण नेहमी हसलो. ऐकलं कधी?

आता आज सकाळचं. आज सभा म्हणून परिसर स्वच्छ केला. ताईंच्या सन्मानार्थ म्हणे. चिंगीचा पिंजरा फिनेलनं धुतलाय. फरशी चकचकीत आहे. कडबा नाही, दोर नाहीत, बांबू नाहीत. सगळं शेडमागे ढिगात टाकलंय. म्हाताऱ्या माकडिणीला पलीकडच्या पिंजऱ्यात हलवलंय, गर्दी दिसू नये म्हणून. आणि जाळीवर ताईंचा फोटो लावलाय, हार घालून. ज्या बाईनं तो पिंजरा भरायला एवढी वर्षं घालवली, तिच्या आठवणीसाठी आपण तो रिकामा केला. कोणाला जराही खटकलं नाही. याला काय म्हणायचं, ते तुम्हीच सांगा.

मी आलो तेव्हा चिंगीनं जाळीतून हात घालून हार ओढला होता. एकेक फूल तोडत होती, एकेक पाकळी वेगळी करत होती. भोवती लोक मोबाइल काढून उभे. एका बाईंच्या डोळ्यांत पाणी. आणि आत्ता माझ्या आधी अध्यक्षसाहेब म्हणाले, "मुक्या जिवालाही कळतं. चिंगीनंसुद्धा ताईंना पुष्पांजली वाहिली."

नाही हो. तिनं काही वाहिलं नाही. त्या पिंजऱ्यात हाताला लागेल अशी तेवढी एकच वस्तू होती. फुलं संपली. मी सभेला यायला निघालो तेव्हा ती कोपऱ्यात बसून झुलत होती.

मला राग आलाय. लपवत नाही. ताई गेल्या याचं दुःख मी घरी जाऊन करीन. पण त्यांना जाऊन आठवडा झाला नाही तोवर आपण त्यांचं काम झाडून टाकलं, आणि वर हार घातला, हे मला सहन होत नाही. चिंगीच्या हातांवरचे केस पुन्हा गेले तर या वेळी स्टूल टाकून बसायला कोणी नाही. फोटो बसणार आहे का?

आता मौन पाळायचं आहे. मी आपल्याला उभं राहायला सांगणार आहे, पण इथे नाही. शेडमागे ढीग आहे. प्रत्येकानं त्यातलं हाताला येईल ते उचलायचं. चिंगीला मी आतल्या खोलीत घेतो, तोवर आपण कडबा पसरायचा, दोर बांधायचे. मग म्हातारीला तिच्याकडे परत सोडू. या सगळ्यात कोणीही एक शब्द बोलायचा नाही. आवाजानं दोघी बिचकतात. फोटो काढायचे नाहीत.

पांढरे कपडे मळतील. ज्यांना ते चालणार नाही त्यांनी इथेच बसावं, चहा येतोय.

काका, तुम्ही पुढे चला. पहिली गाठ कुठे मारायची, ते तुम्ही दाखवा.