तिसरी पिन

चालू झाला का तुमचा टेप? थांबा, मागचं जरा ऐकवा मला, हां, बघा, आवाज लहरतोय, आतला रबरी पट्टा ढिला झालाय, जाताना बदलून देते, दोन मिनिटांचं काम आहे. तर मी सुषमा साळवे, वय सत्तावीस, जन्म दिल्लीचा, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधला. मूळचे आम्ही अहमदनगरचे, पप्पा एका मिनिस्ट्रीत क्लार्क लागले आणि इकडे आले ते इकडचेच झाले. आमच्या जिन्यात वर बंगाली, खाली तमिळ, समोर गढवाली, कुणाचा रेडिओ कुठल्या भाषेत बिघडलाय हे मला भिंतीतून कळायचं, खरंच सांगते. शाळा पहाडगंजची, मराठी, बसने जायचो, येताना बसमध्ये हिंदी सुरू आणि घराचं दार उघडलं की परत मराठी, त्यामुळे माझं दोन्ही थोडं थोडं कच्चंच आहे, तुम्ही नीट करून लिहा यार.

आता हे स्पीकर दुरुस्तीचं कुठून आलं, तर आमच्या रविवारच्या मराठी ख्रिस्ती उपासनेतून. आमची मंडळी थोडी, हॉल भाड्याचा, म्हणून माइक आणि ॲम्प्लिफायर पप्पांच्या ताब्यात, शनिवारी तो आमच्या पलंगाखाली आणि रविवारी पप्पांच्या स्कूटरवर पुढे, मी मागे. लोखंडी बॉडीचा, करडा, असा जड. तो कायम घूं करायचा. पाळकसाहेब प्रार्थना करतायत आणि मागून घूं, गाणं संपलं की परत घूं, पप्पा इतके शरमायचे की डोळे मिटून बसायचे, लोकांना वाटायचं काय भक्ती आहे साळव्यांची. मला वाटायचं मी मोठी झाले की हे घूं बंद करणार. बस, तेवढंच. इंजिनिअर व्हायचं वगैरे काही नव्हतं डोक्यात.

बारावीच्या आधीच्या सुट्टीत पप्पांनी मला लाल किल्ल्यासमोरच्या बाजारात मलिकजींच्या दुकानात नेलं, ते पप्पांच्या ऑफिसचे माइक दुरुस्त करायचे. मलिकजी म्हणाले साळवेजी, लड़की को क्यों लाए, पप्पा म्हणाले ये सुनती बहुत अच्छा है. मग काय, पॉलिटेक्निकला गेले तरी सुट्टीत मी तिथेच. स्पीकरच्या दोन टोकांना पेन्सिल सेल लावायचा, पडदा बाहेर उडाला तर प्लस बरोबर, आत गेला तर उलटा, हे त्यांनी शिकवलं. बोटांनी पडदा हळू दाबायचा, खरखर लागली तर आतली कॉइल घासते. नाक लावायचं, जळका वास आला तर उघडायची गरजच नाही. आणि घूं आलं तर, मलिकजी म्हणायचे, इसका तो एक ही इलाज है बेटा, आणि आरी घ्यायचे आणि प्लगची तिसरी पिन, ती वरची जाडी पितळी, कापून टाकायचे. घूं बंद. जादूच. कापलेल्या पिना ते बिस्किटांच्या डब्यात टाकायचे, खुळखुळ वाजवून दाखवायचे, म्हणायचे हे माझे मेडल.

मी त्या पहिल्याच सुट्टीत एक दिवस घरी येऊन पलंगाखालच्या ॲम्प्लिफायरची पिन कापली. रविवारी हॉलमध्ये अशी शांतता झाली की पाळकसाहेबांनी वळून पाहिलं. पप्पांनी सगळ्यांना सांगितलं माझ्या पोरीने केलं. मी पण एक डबा ठेवला मग, माझ्या मेडलांचा. पहिली पिन ती.

त्यानंतर तो जमाना आला ना, बाहेरच्या कंपन्या, कॉम्प्युटरची ऑफिसं, पुण्यामुंबईहून नवराबायको दोघं नोकरीला, गाझियाबादकडे शेतात नुसते टॉवर उभे. लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा घरात मोठा आवाज आणला. सब-वूफर. सोफ्याच्या बाजूला तो काळा खोका, जमीन हादरली पाहिजे, खिडकीची काच थरथरली पाहिजे, तरच पाहुण्यांना दाखवता येणार. आणि सगळ्यांच्या घरात केबल टीव्ही, आणि सगळ्यांच्या घरात घूं. मी निळी स्कूटी घेतली होती, सोसायटीच्या गेटवर वॉचमन विचारायचा मिस्त्री कहाँ है मैडम, मी म्हणायची मिस्त्री ही बोल रही हूँ. मराठी घरांत तर एकीने दुसरीला नंबर द्यायचा, अगं आपली एक मुलगी आहे, पाच मिनिटांत बंद करते. पाच मिनिटांत. आरी, पिन, डबा, चहा. मला इतकं भारी वाटायचं, काय सांगू तुम्हाला.

आता हे मध्येच सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. तिसरी पिन म्हणजे जमिनीत जाणारी वाट. आतला करंट चुकून लोखंडी बॉडीत उतरला तर त्याने त्या वाटेने जावं, फ्यूज उडावा, माणसातून जाऊ नये, एवढ्यासाठी ती असते. पण केबलची तार पण कुठेतरी जमिनीला लागलेली असते, मग झाल्या दोन वाटा, आणि दोन वाटा झाल्या की घूं. एक बंद केली की घूं गेलं. खरं तर केबलची अडवायची असते, त्याला अंगठ्याएवढी एक डबी मिळते, तारेत मध्ये लावायची. हे मला पुस्तकात होतं, डिप्लोमाच्या पेपरात लिहून मार्क घेतले होते मी. आणि हातात आरी घेतली की मलिकजीच आठवायचे, पुस्तक नाही. का ते मला अजून कळत नाही, खूप विचार केला.

तर देशपांडे. पुण्याचे, गाझियाबादच्या नवीन टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर, नवरा नोएडाला ऑफिसात, बायको मृणालताई, आणि त्यांच्या सासूबाई, म्हणजे आजी. मार्चमध्ये जाऊन पिन कापून आले. जूनमध्ये मृणालताईंचा फोन, हसत हसत, म्हणाल्या अगं आवाज मस्त आहे, काही तक्रार नाही, फक्त त्या ॲम्प्लिफायरला हात लावला की गुदगुल्या होतात. मी म्हटलं गुदगुल्या कशा. म्हणाल्या अशा बारीक, मला तर कळल्याही नाहीत आधी, आम्ही सगळेच चप्पल घालूनच असतो ना, घरात कूलरचं पाणी सांडतं सारखं. बरं आणि आजी, मी विचारलं. त्या म्हणाल्या आजींचं वेगळंच आहे, त्यांच्या हाताला मुंग्या येतात, तीन आठवडे झाले, डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्यात. मी विचारलं मुंग्या कधी येतात त्यांना. म्हणाल्या सकाळी, डस्टिंग करताना.

 मी म्हटलं ताई, त्या खोलीत कुणी जायचं नाही, मेन स्विच बंद करा, आत्ता. त्या म्हणाल्या अगं पण फ्रिज, मी म्हटलं फ्रिज गेला खड्ड्यात. स्कूटी घेऊन सुटले, भर दुपार, यमुनेच्या पुलावर लू, तो गरम वारा, अशी तोंडावर मारत होती, आणि माझ्या डोक्यात एकच, आज त्या आजी चप्पल विसरल्या तर, आज त्या चप्पल विसरल्या तर.

दार आजींनीच उघडलं. छोट्याशा, चष्मा, पायात रबरी सपाता. मी दारातच त्यांच्या पायांकडे बघत बसले, त्या म्हणाल्या काय गं, साप बिप आहे का. आत गेले. माझ्याकडे एक बल्ब असतो होल्डरमध्ये, दोन मोकळ्या तारा सोडलेल्या, सगळ्यांना बाजूला करून मेन चालू केलं, एक तार ॲम्प्लिफायरच्या बॉडीला, एक भिंतीतल्या सॉकेटच्या तिसऱ्या, अर्थच्या भोकाला. बल्ब लागला, म्हणजे बॉडीत करंट. टेस्टर कधी कधी फुकटचा घाबरवतो, पण बल्ब नाही खोटं बोलत. आतला ट्रान्सफॉर्मर भाजून निघाला होता, गाझियाबादची ती वरखाली होणारी लाइट, त्यात हा उन्हाळा. मी विचारलं केबलवाला आला होता का एवढ्यात, देशपांडे शनिवार म्हणून घरीच होते, ते म्हणाले हो, सोसायटीशी भांडण झालं त्याचं, तीन आठवड्यांपूर्वी तार काढून घेऊन गेला. म्हणजे तोवर करंट केबलच्या तारेतून जात होता. तार गेली, आणि त्याला आजी सापडल्या. रोज सकाळी, ओल्या फडक्यासकट.

मी आधी त्यांच्यासमोर थ्री-पिन टॉप, म्हणजे प्लग, नवा लावला, चालू केला, फटकन फ्यूज उडाला, आणि तो आवाज ऐकून मला जितकं बरं वाटलं तितकं कुठल्या गाण्याने वाटलेलं नाही. मग सांगितलं. की पिन मीच कापली होती. देशपांडे म्हणाले तुम्हाला माहीत होतं? मी म्हटलं हो. म्हणाले माहीत होतं आणि कापलीत. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार. मृणालताई उठून आत गेल्या. आजी बसल्या होत्या हातात हात घेऊन, त्या म्हणाल्या म्हणजे मला वयाचं काही झालेलं नाही. मी म्हटलं नाही आजी. त्या म्हणाल्या मग गोळ्या बंद ना? त्यांनी ढेकर येतात फार. त्या हसल्या, आणि मी रडले, तिथेच, कूलरच्या पाण्यात उभी राहून.

घरी येऊन डबा वर्तमानपत्रावर ओतला. सत्तेचाळीस. सत्तेचाळीस पिना, आणि एकीवरही पत्ता लिहिलेला नाही, डबा सांगतो किती, कुठे ते सांगत नाही. आणि मग मला पहिली पिन आठवली. दुसऱ्या दिवशी रविवार. पप्पा पलंगाखालून ॲम्प्लिफायर ओढत होते. आठ वर्षं झाली होती, आठ वर्षं पाळकसाहेब तो लोखंडी माइक ओठाला लावून बोलत होते. मी म्हटलं पप्पा, ठेवा तो. ते म्हणाले का गं, काय झालं. मी सांगितलं. ते म्हणाले, मी सगळ्यांना सांगितलं होतं गं, माझ्या पोरीने केलं म्हणून. बस, एवढंच, ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या रविवारी माइकशिवाय गायलो. मागच्यांना ऐकू आलं नाही, तर मागचे पुढे येऊन बसले.

सोमवारी मलिकजींकडे गेले. म्हटलं आजपासून पिन नाही कापायची, ते म्हणाले अरे बेटा, तीस साल से काट रहा हूँ, कोई मरा क्या. मी म्हटलं मलिकजी, आप वापस किसके घर गए देखने. त्यांनी चष्मा पुसला, परत घातला, परत पुसला. मी निघाले तेव्हा त्यांनी हाक मारून केबलच्या त्या अंगठ्याएवढ्या डब्यांची अख्खी पेटी माझ्या हातात दिली.

मग सुरू झालं. बिलबुकं, डायरी, कोणाच्या बहिणीने कोणाला नंबर दिला होता, असं आठवत आठवत. जूनच्या उन्हात मी दार वाजवायची, लोक म्हणायचे हमने तो बुलाया नहीं, हमारा बढ़िया चल रहा है. एक साहेब म्हणाले घूं परत आणायला आलीस काय. मी आधी बॉडीला बल्ब लावून बघायची, मग केबलवर डबी, मग नवा टॉप. जोडली की डब्यातली एक पिन त्या घराच्या डस्टबिनमध्ये. दोन घरांत बल्ब परत लागला. दोन. एकात दीड वर्षाचं पोर त्या काळ्या खोक्याला धरून उभं राहायला शिकत होतं. त्याबद्दल मी जास्त बोलत नाही.

लक्ष्मीबाई नगरमधली घरं अवघड गेली, कारण तिथे सरकारी माणसं, बदल्या होतात, क्वार्टरमध्ये दुसरेच. कोण लखनौला, कोण भोपाळला, मी चिठ्ठ्या टाकल्या, ट्रंक कॉल नाही आता, एसटीडी आहे, पण नंबर हवा ना. काहींनी उत्तर दिलं, थँक्यू लिहिलं, एकाने लिहिलं आम्ही तो स्पीकर केव्हाच विकला. विकला. म्हणजे अजून कुणाच्या तरी घरात.

आज डब्यात सहा आहेत. दोन वर्षं झाली. वाजवला तर नीट वाजतही नाही. वर्तमानपत्रात करंटची बातमी आली की मी आधी पत्ता बघते, मग नाव. मार्च संपला, कूलर बाहेर निघाले की माझी झोप जाते, आई म्हणते तू आजारी पडशील, पडेन. आता मी प्रत्येक कामाला पत्ता लिहिते, आणि बॉडीला बल्ब लावल्याशिवाय चहा पीत नाही. आजींचा महिन्यातून एकदा फोन येतो, मुंग्या नाहीत गं, एवढंच म्हणतात आणि ठेवतात. देशपांडे मात्र माझ्याशी बोलत नाहीत अजून, बरोबर आहे त्यांचं.

तुम्ही म्हणालात आपल्या माणसांच्या अंकासाठी काहीतरी सांगा, तर मी लगेच हो का म्हटलं, तुम्हाला वाटलं असेल हिला किती हौस. हौस आहेच. पण हे लिहा. की निळ्या स्कूटीवरून एक मुलगी आली होती, जरा जास्त बोलणारी, पाच मिनिटांत घूं बंद करून, चहा पिऊन गेली. तिला तुम्ही शाबास म्हणाला असाल. आज उठून त्या स्पीकरचा भिंतीतला प्लग काढा आणि बघा, दोनच पिना असतील तर परत लावू नका. मला बोलवा, नाहीतर दुसऱ्या कुणाला, घूं ऐकत बसा हवं तर. आणि तोवर पायात सपाता असू द्या तुमच्या, हात कोरडे असू द्या, घरातली लहान पोरं त्या खोक्यापासून लांब खेळू देत.

सहा घरं आहेत फक्त. द्या आता तो टेप इकडे, पट्टा बदलते.