चाळिशीनंतरची धाप

आजच्या बैठकीचे अध्यक्ष आदरणीय शेख हमूद, आरोग्यकेंद्राचे प्रमुख, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो त्या आपल्या डॉक्टर बतूलबाई, त्यांच्या जागी कालच रुजू झालेले तरुण डॉक्टर मुन्धिर, आणि या भिंतींना टेकून बसलेल्या व पलीकडे बायकांच्या बाजूला बसलेल्या माझ्या सगळ्या गावकऱ्यांनो, परमेश्वराची शांती तुम्हा सर्वांवर असो.

भाषण हा माझा धंदा नाही. मी पाटाच्या पाण्याच्या पाळ्या वाटणारा माणूस. शेखसाहेब म्हणाले, "खलफान, माझी कॉफी संपेपर्यंत बोल." पण त्यांनी पेला हलवून 'पुरे' म्हटल्याशिवाय वाढणारा थांबणार नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा वेळ आहे.

डॉक्टर मुन्धिर, तुमच्याकडे माझी एक विनंती आहे. ती शेवटी सांगेन. आधी ती का करतो आहे, ते ऐका.

ती समोर हलव्याची ताटली मांडीवर घेऊन बसलेली माझी धाकटी लेक, रय्या. आज नऊ वर्षांची आहे. ती तान्ही होती तेव्हाची गोष्ट. आपल्याकडे बाळंतीण चाळीस दिवस घराबाहेर पडत नाही, बाळही कोणाला दाखवत नाहीत. ते दिवस रय्याने छान काढले. चाळिशी झाली, आयाबाया बघायला आल्या. माझ्या झुवैना वहिनींनी बाळाला उचललं आणि म्हणाल्या, "अगबाई, काय गुबगुबीत आहे!" नजर लागू नये म्हणून घ्यायचं देवाचं नाव राहून गेलं. आणि त्याच आठवड्यात पोर दूध ओढेना. दोन घोट घ्यायची, थांबायची, कपाळावर घाम, श्वास भात्यासारखा, मग थकून झोपायची आणि पुन्हा भुकेने रडायची.

आता सांगा, घरात काय बोललं गेलं असेल? झुवैना वहिनींनी आमचा उंबरा सोडला. त्यांच्यासमोर दार कोणी लावलं नव्हतं, पण उघडलंही नव्हतं.

मोठ्या गावातल्या एका दवाखान्यात खोकल्याचं औषध मिळालं. उतार पडेना. तेव्हा गावातल्या जाणत्या शम्सा आजींनी डाग दिला. उजव्या बरगडीखाली, तापल्या सळईने, एकच.

(हो आजी, तुमचंच सांगतोय. "मग नीट सांग!" म्हणतायत.)

डॉक्टर मुन्धिर, तुम्ही भुवया उंचावल्यात. तुमच्या आधीच्या आधी इथे एक डॉक्टर होते, भले गृहस्थ. डाग दिसला की ते आईला सगळ्यांसमोर झापायचे. त्यांचा हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की आमच्या बायकांनी डाग देणं थांबवलं नाही, डाग दाखवणं थांबवलं. लेकरं घट्ट गुंडाळून आणायची, छातीपुरता कपडा वर करायचा आणि खाली धरून ठेवायचा. रय्यालाही तशीच गुंडाळून आम्ही तेव्हा नव्याने आलेल्या या सुदानी बतूलबाईंकडे नेली.

बाईंनी आधी नळी कानाला लावलीच नाही. रय्याच्या आईला म्हणाल्या, "तिला पाज. मी नुसती बघते." पडद्याआड बसून त्यांनी घाम बघितला, श्वास मोजले, पोर कुठे थांबते ते बघितलं. मग म्हणाल्या, "आता सगळं सोड." रय्याच्या आईचे हात कपड्यावर घट्ट. शेवटी बाईंनी स्वतःच हळूच सोडलं. डाग दिसला.

"कोणी दिला?"

शम्सा आजी पुढे झाल्या. "मी. काय बोलायचं ते मला बोल, पोरी. हिला नको."

"बोलत नाही, आजी. विचारते. धाप छातीत आहे, मग डाग पोटावर का?"

आजी गोंधळल्या. असं त्यांना कोणी विचारलं नव्हतं. म्हणाल्या, "हाताला लागलं म्हणून. टणक. बरगडीखाली उतरलेलं."

"कधीपासून?"

"मागच्या शुक्रवारी अंघोळ घातली तेव्हा नव्हतं."

बाईंनी तिथेच बोटं ठेवली, डागाला न दुखवता. यकृत सुजलं होतं, आणि आठवड्याच्या आत सुजलं होतं. म्हणजे हृदय हरत चाललं होतं आणि वेळ थोडा होता. मग नळी लावली, जांघेतली नाडी चाचपली, हृदयाची चित्रं काढायला मस्कतला पाठवायची तयारी केली. आजींना एवढंच म्हणाल्या, "हात बरोबर पडला. सळई चुकली. पुढच्या वेळी हात ठेवा आणि माझ्याकडे पाठवा."

रुग्णवाहिका येईपर्यंत मी विचारलं, "बाई, जिने अजून एक पाऊल टाकलं नाही, तिचं काळीज थकतं कशाने?" त्या म्हणाल्या, कारणं पुष्कळ. कोणाच्या हृदयाला तापानंतर सूज येते, कोणाच्या अंगात रक्त कमी पडतं, कोणाचा दुखरा घसा दुर्लक्षित राहिला की पुढे झडपा बिघडतात. "हिच्या मधल्या भिंतीला भोक असावं. जन्मापासूनचं."

मी म्हटलं, "जन्मापासून? मग चाळीस दिवस ठणठणीत कशी?"

बाईंनी मलाच विचारलं, "खलफानभाई, दोन पाटांमधल्या बांधाला भोक पडलं तर पाणी कधी पलीकडे जातं?"

"पलीकडे उतार असेल तर."

"जन्मताना फुप्फुसाची बाजू चढावर असते. महिना-दीड महिन्यात ती उताराला लागते. मग पाणी तिकडे धावतं, फुप्फुस चिंब होतं, अंगाला कमी पडतं, आणि हृदय तेच पाणी पुन्हा पुन्हा ढकलत बसतं."

मी आयुष्यभर उतार मोजत आलो, मंडळी. पण त्या दिवशी मला कळलं की चाळिशीची वेळ आणि त्या उताराची वेळ एकच पडते. बाळ जगाला दाखवायचे आणि अशा बाळाला धाप लागायचे दिवस एकच. आपल्या गावात अशी किती लेकरं गेली असतील, आणि किती झुवैनांनी उंबरे सोडले असतील? नजर लागते की नाही, ते बाईंनी सांगितलं नाही. मीही सांगणार नाही, ते त्या जाणणाऱ्यावर सोडतो. बाई एवढंच म्हणाल्या, "झुवैनाने बघण्याआधीपासून ते भोक तिथे होतं."

औषधाने अंगातलं पाणी उतरलं, पुढे मस्कतला शस्त्रक्रिया झाली. रय्या घरी आली तेव्हा उंबऱ्याबाहेर तिला घ्यायला झुवैना वहिनी उभ्या होत्या. बोलावायला माझी बायको स्वतः गेली होती. वहिनी म्हणाल्या, "आधी देवाचं नाव घेते, मग उचलते. पुन्हा तुमची भानगड नको!" आणि दोघी रडत हसल्या.

शम्सा आजींनी त्यानंतर सळई तापवली नाही. ("सळई आहे अजून," म्हणतायत. असू दे, आजी, चुलीत निखारे सारायला लागेल.) आता त्या बाळाच्या बरगडीखाली हात ठेवतात आणि आईला म्हणतात, "उतरलंय गं, बाईकडे पळ." अशी तीन लेकरं या बैठकीत आत्ता धावतायत, आणि त्यांना आवरायची आज माझी हिंमत नाही.

डॉक्टर मुन्धिर, आता माझी विनंती. उद्या बाई जातील. परवा कोणी तरी आई तुमच्यासमोर घट्ट गुंडाळलेलं बाळ घेऊन येईल. कदाचित डाग असेल. तुमचा राग रास्तच असेल. पण रागावण्याआधी विचारा, इथेच का, आणि कधीपासून. तुम्ही झापलंत तर कपडा पुन्हा घट्ट होईल, आणि त्याखाली काय सुजलंय ते तुम्हाला कोणी सांगणार नाही.

बतूलबाई, तुमच्या देशात शांती नांदो, तुमचा प्रवास सोपा होवो. आम्ही तुम्हाला लुबानचा धूप आणि खजूर याशिवाय काही देऊ शकत नाही. शेखसाहेबांचे, केंद्राच्या सर्व मंडळींचे आभार. माझ्या बोलण्यात कोणाचं मन दुखावलं असेल, किंवा आजींचं काही सांगायचं राहिलं असेल, तर लहान समजून पोटात घाला.

थांबा, डॉक्टर मुन्धिर हात वर करतायत. विचारतायत, "शम्सा आजी कुठे बसल्यात? उद्या सकाळी केंद्रात येतील का?"

आजी, ऐकलंत? काय? "चालवत नाही, गाडी पाठव म्हणावं."

शेखसाहेब, पेला हलवा आता. माझं झालं.