विश्रांतीचं कलम

समितीच्या खोलीतलं बाहेर सांगायचं नसतं म्हणे, पण आता तिचा अहवाल संसदेत मांडून झालाय, म्हणून सांगतो. चहा घ्या तोवर.

मजुरांच्या कायद्याचं विधेयक आलतं. संसदेच्या समितीनं आमच्या माजलगावकडच्या गयामावशीला, ऊसतोडीवाल्या बाईला, साक्षीसाठी दिल्लीला बोलावलं. मी दुभाष्या म्हणून संगं गेलतो. रस्ताभर तिच्याकडून बोलायचं घोकून घेतलं.

आत गार हवा, मऊ खुर्च्या, पायाखाली गालिचा. अध्यक्ष एकेक कलम घ्यायचे, मंत्रालयाचे साहेब हळू आवाजात त्याचा अर्थ सांगायचे. अंगाई चाललीय असंच वाटायचं. विश्रांतीच्या कलमापाशी मात्र घोडं अडलं. ‘मजुराला पुरेशी विश्रांती द्यावी’ असं लिहिलेलं. एक खासदार म्हणले, “पुरेशी म्हंजे किती?” झालं, वाद सुरू!

मी मावशीकडं पाह्यलं, तर मावशी गाढ झोपलेली. पदर गालाखाली, मूठ कोयता धरल्यागत वळलेली. ढोसून उठवायला गेलो, तर अध्यक्षांनी हातानंच ‘नको’ म्हणलं. मग एवढे मोठे खासदार, पण सगळे कुजबुजत भांडायला लागले.

शेवटी अध्यक्षांनी मला खुणावलं. मी तिच्या कानाशी लागलो, “मावशे, साहेब इचारतेत, इसावा किती पायजे?”

डोळे न उघडताच ती म्हणली, “आजून जराशीक निजू दे, बाबा.”

मी तसंच हिंदीत सांगितलं. कुणीच हसलं न्हाई. अध्यक्ष लेखनिकाकडं वळून हळूच म्हणले, “साक्ष लिहून घ्या.”