उंबऱ्यातून उठा, विहीणबाई

चहा नको, विहीणबाई. बाहेर रिक्षा उभी आहे आणि तुम्ही नातवाला मांडीवर घेऊन उंबऱ्यातच बसलात — मग चहा काय कामाचा? हो, ऐकलं. सकाळपासून अंग गार लागतंय, बोटांच्या टोकांची सालं निघताहेत, म्हणजे माता आता जायला निघाली. ‘पोऱ्या बरा व्हई ऱ्हायना’, पोरगं बरं होतंय — साऱ्या पुरुषोत्तमनगरला सांगून झालं तुमचं. दारावर कडुलिंब बांधलात, घरात फोडणी बंद केलीत, माता जाईपर्यंत पोरानं उंबरा ओलांडायचा नाही म्हणालात. मी पडले लेकीची आई. लेकीच्या सासरी गोड बोलावं आणि आपल्या गावी जावं. बोलून पाहिलं गोड. संपलं ते.

ही माता नव्हे हो. गोवर तुम्हीही पाहिलाय, मीही पाहिलाय. गोवरात नाक गळतं, खोकून खोकून पोर बेजार होतं, डोळ्यांना चिपडं येतात. नवनीतचे डोळे नुसते लाल — कोरडे लाल. ओठ फुटलेत. जीभ बघा, मोलगीच्या बाजारात डाब गावच्या स्ट्रॉबेऱ्या येतात ना, तशी, दाणेदार. आणि ही गाठ, मानेला एकाच बाजूला, सुपारीहून मोठी. गालगुंड म्हणून तुम्ही लेप लावलात — गालगुंड गाल धरून फुगतं, हे खाली मानेत आहे. आणि ताप? कुठल्या गोळीला तरी हटला का इतके दिवस? डॉक्टर म्हणाले तेच खरं —

कोणते डॉक्टर म्हणजे? शहाद्याचे.

हो, नेलं होतं. तुम्ही भजनाला गेलात त्या दुपारी, पदराखाली झाकून नेलं. माझ्या रूपालीला काही बोलू नका, तिला मीच दटावून गप्प बसवलं. आता निघालंच तोंडातून, तर पुरतं ऐका. डॉक्टर म्हणाले, “आजी, खात्री मी देत नाही, पण हा संशय असला की थांबायचं नसतं.” कावासाकी म्हणतात. मला वाटलं, हा बाबा फटफटीचं नाव घेतोय — तर नाही, जपानातल्या डॉक्टरचं नाव. क्वचित कुणाला होतो, पण होतो. मी शाळेत गेले नाही, रूपालीच्या पाटीवर अक्षरं गिरवली, म्हणून माझ्यामागे मला मास्तरीण म्हणता, ठाऊक आहे. म्हणा. मास्तरीण पुरतं समजल्याशिवाय उठत नाही. ताप उतरला म्हणजे आजार गेला असं यात नसतं. बाहेरून पोर हसायला लागतं आणि आत, काळजाला रक्त नेणाऱ्या नळ्या असतात ना, त्या फुगत जातात. त्यावर औषध आहे, सलाईनसारखं चढवतात, पण ते वेळेत गेलं पाहिजे. आणि वेळ कुठं घालवली आपण? या कडुलिंबाखाली. धुळ्याला काळजाची सोनोग्राफी होते. उद्या नाही. आज.

हेमकांतरावांना विचारू? ते कारखान्यातून परस्पर स्टँडवर येताहेत. हो, तुमचेच चिरंजीव. तुम्हाला सांगायची हिंमत होईना त्यांची. मला म्हणाले, मावशी, आईला तुम्हीच बघा, ती उखाचं मनात धरून बसलीय — त्यांच्या थोरल्या भावाचं, तुमच्या उखाचं, सांगितलं त्यांनी. माता गेली म्हणून तुम्ही दहीभाताचा नैवेद्य केलात, गल्लीतली पोरं जेवली, आणि पुढं थोड्याच दिवसांत अंगणात खेळता खेळता उखा —

नव्हतं बोलायचं मला हे.

ते हेच होतं असं मी म्हणत नाही. ते आता कुणालाच सांगता यायचं नाही. तुमचं काही चुकलं नव्हतं, तेव्हा कुणाला काय ठाऊक होतं? आता कुणीतरी सांगितलंय, एवढाच फरक. रागवा माझ्यावर. दिवाळीला बोलावू नका, जन्मात तोंड बघू नका — फक्त उठा.

...रूपाली, पाण्याची बाटली घे. आणि त्याचं टोपडं.

सावकाश उठा. गुडघा धरला ना? भिंतीला हात लावा. नाही, नाही, माझ्याकडे नका देऊ त्याला. डॉक्टरांकडून आले तेव्हापासून मीच घाबरलेय, त्याला नीट धरवत नाही मला. तुम्हीच धरा. आणि हे कुणाला सांगायचं नाही.

चला.